घरची बोली आणि शाळेचा कान

आमच्या व्यवसायाला मराठीत अद्याप सर्वमान्य असे नाव मिळालेले नाही. शासकीय कागदांत ‘वाचा-उपचारतज्ज्ञ’ असे लिहितात, इस्पितळात ‘स्पीच थेरपिस्ट’ म्हटले की काम भागते, आणि वसईला आमच्या गावी गेलो की आळीतील वडीलधारी मंडळी ‘हे बोबड्यांचे मास्तर’ अशी आमची ओळख करून देतात. तिन्ही नावे अपुरी आहेत. तरीही आम्हांला तिसरेच अधिक आवडते, कारण त्यात निदान ‘मास्तर’ हा शब्द आहे. आणि गेली अनेक वर्षे आमचे आयुष्य इस्पितळात नव्हे तर शाळेतच गेले आहे.

ही शाळा म्हणजे कॅलिफोर्नियातील, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील एका शहरातील ‘पब्लिक स्कूल’. आपल्याकडे पब्लिक स्कूल म्हटले की भरमसाट फी आणि टाय लावलेली मुले डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेत अर्थ नेमका उलट आहे. जनतेच्या कराच्या पैशावर चालणारी, दारात येईल त्या मुलाला विनामूल्य घेणारी ती पब्लिक स्कूल; आपल्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेची बहीण म्हणा. आमचा व्यवसाय त्या देशात वाढला तो बराचसा अशा शाळांतूनच. १९१० साली शिकागोच्या शाळांच्या अधीक्षक एला फ्लॅग यंग यांनी दहा पदवीधरांना केवळ अडखळत बोलणाऱ्या मुलांच्या मदतीसाठी शाळाशाळांतून फिरण्यास नेमले. आज त्या देशातील वाचा-उपचारतज्ज्ञांपैकी जवळजवळ निम्मे शिक्षणक्षेत्रात आहेत.

कामाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. आमच्याकडे दोन शाळा मिळून पन्नासच्या आसपास मुले असतात. खोली म्हणाल तर एका शाळेत झेरॉक्सच्या यंत्राशेजारची, आणि दुसऱ्या शाळेत पूर्वी जिथे खेळाचे सामान ठेवीत असत ती. कुणाची ‘र’वर जीभ अडते, कुणी शब्दाच्या उंबरठ्यावर ठेचकाळतो, कुणी आत्ममग्न बालक टॅब्लेटवरील चित्रांना बोट लावून ‘पाणी’ मागतो, कुणाला शब्द येतात पण वाक्य जुळत नाही. दोन-तीन मुलांचे गट करून अर्ध्या अर्ध्या तासाचे धडे चालतात. धड्यांपेक्षा कागद अधिक असतात, आणि त्यांविषयी जितके कमी बोलावे तितके बरे.

हे सारे ज्या कायद्याने चालते तो १९७५ सालचा. त्याआधी अपंग मुलाला ‘आमच्याकडे सोय नाही’ असे सांगून शाळा सरळ परत पाठवू शकत असे. या कायद्याने तो दरवाजा बंद केला. प्रत्येक मुलाची तपासणी, त्याच्यासाठी लेखी वैयक्तिक शिक्षण योजना, आणि योजना ठरविणाऱ्या बैठकीत आईवडिलांना खुर्ची. केंद्र सरकारने जादा खर्चाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा वाटा उचलण्याचे त्या वेळी मान्य केले होते. तो वाटा आजतागायत कधीही पूर्ण उचलला गेलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि या कायद्यातील दोन कलमे आम्हांला फार मोलाची वाटतात. एक, मुलाची तपासणी शक्य असेल तेथवर त्याच्या स्वतःच्या भाषेत व्हावी. दुसरे, निव्वळ इंग्रजी कमी येते एवढ्या कारणावरून कोणत्याही मुलाला अपंग ठरवू नये.

ही कलमे सहज सुचलेली नाहीत. कॅलिफोर्नियातच मॉन्टेरे परगण्यात मेक्सिकन वंशाच्या, घरी स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांना इंग्रजीतून बुद्धिमापन चाचण्या देऊन मतिमंदांच्या वर्गात बसविण्यात आले होते. स्पॅनिशमधून पुन्हा चाचणी घेताच त्यांतील बहुतेकांचे गुण पुष्कळ वर गेले. हा ‘डायाना’ खटला १९७० साली तडजोडीने मिटला, आणि मुलाला त्याच्या भाषेत तपासले पाहिजे हे राज्याने मान्य केले. नऊ मुले शेतमजुरांच्या वस्तीतली. त्यांची जीभ ठीक होती, बुद्धीही ठीक होती. शाळेचा कान तेवढा एका भाषेचा होता.

एखाद्या मुलाच्या बोलण्यावर नाव चिकटविणे ही किरकोळ गोष्ट नव्हे, हे आमच्या व्यवसायाच्या इतिहासातील एका लाजिरवाण्या प्रकरणातून शिकण्यासारखे आहे. १९३९ साली आयोवा विद्यापीठाच्या वेन्डेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने एका अनाथाश्रमातील बावीस मुलांवर प्रयोग केला. त्यांतील काही मुलांना, त्यांचे बोलणे मुळात साधारण असतानाही, ‘तुम्ही अडखळता, जपून बोला’ असे वारंवार सांगण्यात आले. ती मुले तोतरी झाली असे काही सिद्ध झाले नाही. पण ती गप्प झाली, लाजरी झाली, तोंड उघडण्यापूर्वी विचार करू लागली. हे प्रकरण २००१ साली वृत्तपत्रांतून उजेडात आले, विद्यापीठाने क्षमा मागितली, आणि २००७ साली आयोवा राज्याने हयात असलेल्यांना व मृतांच्या वारसांना भरपाई दिली. ज्या वयात ते शब्द त्यांच्या कानांवर पडले ते वय मात्र कुणाला परत करता आले नाही.

म्हणूनच एखाद्या शिक्षिकेची चिठ्ठी आमच्या टेबलावर येते तेव्हा आम्ही ती फार सावकाश वाचतो. दोन वर्षांपूर्वी अशीच एक चिठ्ठी आली. पहिलीतील सहा वर्षांचा मुलगा. वर्गात बोलत नाही. सूचना समजत नाहीत. शेवटची ओळ अशी, की स्पॅनिश येणाऱ्या मदतनीस बाईंनी त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलून पाहिले, त्या भाषेतही तो मागेच आहे. आता दोन्ही भाषांत मागे असलेले मूल म्हणजे भाषाविकाराची शंका रास्त होते. पाठ्यपुस्तकही तेच सांगते. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या कागदावर घरची भाषा म्हणून ‘स्पॅनिश’ असेच लिहिलेले होते.

आईची संमती घेण्यासाठी आम्ही दुभाष्यामार्फत दूरध्वनी केला. आई स्पॅनिश बोलत होती खरी, परंतु ती अशी, की प्रत्येक वाक्य जणू भाड्याने आणलेले. तिच्यामागे घरात कुणी म्हातारी स्त्री मुलाला काहीतरी रागावून सांगत होती आणि तो तिला भराभर उत्तर देत होता. त्या भाषेत आमच्या ‘ष’च्या जवळ जाणारा, जीभ मागे वळवून काढलेला एक घर्षक आवाज होता. तो स्पॅनिशमध्ये नाही. ज्याने लहानपणी ‘षटकोना’वर छडी खाल्ली आहे त्याला तो ओळखू न येणे कठीण!

भाषा निघाली माम. ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातील, पाच लाखांहून अधिक लोक बोलतात अशी माया कुळातील भाषा. तिचा स्पॅनिशशी नात्याचा संबंध इतकाच, जितका तमिळचा फ्रेंचशी. तिच्यात क्रियापद वाक्याच्या आरंभी येते. तिच्यात असे व्यंजन आहेत की जे कंठातील श्वास क्षणभर कोंडून झटक्याने सोडावे लागतात. आमच्या भागात ही भाषा बोलणारी हजारो कुटुंबे गेल्या काही दशकांत आली आहेत. मग आईने कागदावर स्पॅनिश का लिहिले? कारण स्पॅनिश बोलणारे पुष्कळ लोक माम भाषेला ‘भाषा’ म्हणतच नाहीत. ‘बोली’ म्हणतात, आणि तो शब्द ज्या सुरात उच्चारतात तो सूर ऐकून कुणालाही आपली भाषा सरकारी कागदावर लिहावीशी वाटणार नाही.

येथे वसईचा वाचक किंचित हसेल, अशी आमची खात्री आहे. आपल्या सामवेदीचे, जिला कादोडीही म्हणतात, किंवा वाडवळीचे आपण शाळेच्या दारात काय करीत आलो? चपलांबरोबर ती बाहेर काढून ठेवीत आलो. आमच्या वर्गात एक मुलगा होता, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणे. त्याच्या घरी, शेजारी, बावखलावर सारे तेच म्हणत. गुरुजी त्याला रोज उभे करून ‘बाणाचा ण’ शंभरदा म्हणावयास लावीत. आम्ही हा शब्द जपून वापरतो, परंतु व्यवसायाच्या भाषेत बोलायचे तर त्या मुलाच्या जिभेत कोणताही विकार नव्हता. त्याची जीभ त्याच्या आईच्या बोलीचे नियम तंतोतंत पाळत होती. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही. केवळ एका अक्षरामुळे त्याने शाळा सोडली असे आम्ही म्हणणार नाही. घरची वाडी होती, गरिबीही होती. पण वर्गात तो स्वतःहून बोलला असल्याचे आम्हांला आठवत नाही.

मामकडे परत येऊ. त्या भाषेतील छापील चाचणी आम्हांला उपलब्ध नव्हती. स्पॅनिशच्या चाचण्या येथे निरुपयोगी. दूरध्वनीवरील दुभाषांच्या संस्थेत माम जाणणारी व्यक्ती मिळाली ती तीन आठवड्यांनी, आणि तीही दुसऱ्या गावची. डोंगर ओलांडला की माम बदलते हे आम्हांला तेव्हा कळले. अखेर त्याच कुटुंबाच्या खोऱ्यातील एक बाई जवळच्या पॅरिशमध्ये सापडली. तिला आम्ही आधी तासभर केवळ काय करायचे नाही ते समजावून सांगितले. मुलाचे वाक्य सुधारायचे नाही. अर्धवट शब्द पूर्ण करायचा नाही. मूल चुकले तर ते चुकलेलेच आम्हांला सांगायचे. दयाळू माणसाला हे काम फार जड जाते.

साधन म्हणून मर्सर मेयर यांचे १९६९ सालचे बेडूक हरवल्याचे चित्रपुस्तक घेतले. त्यात एकही शब्द नाही, म्हणून जगभर आमच्या व्यवसायातील लोक ते वापरतात. एक मुलगा, एक कुत्रा, आणि बरणीतून पळालेला बेडूक. आमच्या खोलीत दोन आठवडे ज्याने मान हलविण्यापलीकडे काही केले नव्हते, तो मुलगा त्या बाईच्या शेजारी बसला आणि पहिले पान उलटताच बोलू लागला. आम्हांला एक अक्षर कळत नव्हते. पण आवाजाची चढउतार कळत होती, कुत्र्याचे डोके बरणीत अडकले तेव्हाचे हसू कळत होते, आणि बाई मध्येच तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरीत होती तेही दिसत होते. नंतर ध्वनिफीत वाक्यावाक्याने उलगडून घेतली. गोष्टीला आरंभ होता, कारण होते, शेवट होता. बेडूक का पळाला याचे उत्तर चित्रांत स्पष्ट दिलेले नाही; त्याने स्वतःच ते दिले होते. बेडकाला त्याच्या आजीची आठवण आली असेल, म्हणून.

पुढचे काम त्या मानाने सोपे होते. चार नवे, बनावट शब्द शिकवून ते किती लवकर पकडतो ते पाहिले, लवकर पकडले. आईला विचारले, हा तुमच्या इतर मुलांच्या मानाने कसा? हा आमच्या शस्त्रपेटीतील सर्वांत साधा आणि सर्वांत धारदार प्रश्न आहे, कोणत्याही छापील चाचणीहून आम्ही त्यावर अधिक विसंबतो. आई म्हणाली, हाच तर धाकट्या बहिणीला रात्री गोष्टी सांगतो.

बैठकीत आम्ही सांगितले की मुलाला भाषाविकार नाही. त्याला इंग्रजी शिकविण्याची आणि वेळेची गरज आहे. हे वाचून वाचकांना आनंद झाला असेल, परंतु त्या टेबलाभोवती सारेच आनंदित नव्हते. त्याची शिक्षिका मनाने चांगली बाई होती. तिच्या वर्गात पंचवीसच्या वर मुले आणि मदतीला अर्धवेळ एक हात. मुलाला विकाराचे नाव मिळाले असते तर त्यासोबत आठवड्याला दोनदा आमचा अर्धा तास मिळाला असता. नाव नाही, तर मदतही नाही. तिने हे रागाने नव्हे, थकून विचारले, ‘मग मी त्याच्यासाठी काय करू?’ या प्रश्नाला कायद्यात फारसे चांगले उत्तर नाही. नाव चुकीचे असले तरी मदत खरी मिळते, हा मोह अमेरिकेतील शाळांतून रोज उभा राहतो आणि त्याला बळी पडणारी माणसे दुष्ट नसतात. आम्ही तिच्या वर्गात जाऊन काही तास बसलो, काही युक्त्या सांगितल्या. ते पुरेसे होते असा आमचा दावा नाही.

उठताना आईने दुभाषी बाईमार्फत विचारले, एका दवाखान्यात तिला सांगितले होते की घरी माम बंद करा, फक्त स्पॅनिश बोला, म्हणजे मुलगा गोंधळणार नाही. तर आता तसे करावे का? हाच प्रश्न आम्हांला मे महिन्यात वसईत हमखास विचारला जातो. सून विचारते, बाळ अडीच वर्षांचे झाले, शाळा इंग्रजी घ्यायची आहे, तर आजीने त्याच्याशी सामवेदी बोलावे की नको? दोन भाषा ऐकल्याने मुलाला भाषाविकार होत नाही, हे आज अभ्यासांनी पक्के झालेले आहे. विकार असलेले मूलही दोन भाषा शिकते. जितके अडखळत एक शिकेल तितकेच अडखळत दोन. उलट आजीची बोली काढून घेतली तर घरातील सर्वांत मोकळा वेळ असलेला, सर्वांत जास्त बोलणारा माणूस मुलापुरता मुका होतो. त्या आईला आम्ही एवढेच म्हटले, की आजीला म्हणावे, पूर्वी रागावत होतात तशाच रागवा.

आता दुसरी बाजू न सांगितली तर आमचे लिखाण एकांगी होईल. त्याच शाळेत तिसरीत एक मुलगी होती, तीही माम बोलणाऱ्या घरची. तिच्याबाबत कुणी चिठ्ठीच पाठविली नव्हती. तीन वर्षे सारे म्हणत आले, घरी वेगळी भाषा आहे, येईल हळूहळू. डायानासारख्या खटल्यांनी शाळांना जी भीती घातली तिचा हा दुसरा परिणाम. परभाषिक मुलाला अपंग म्हणायचे नाही, म्हणून त्याच्याकडे पाहायचेच नाही. पाच-सहा वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे सात मुलांना, इतर कोणतेही कारण नसताना, भाषाच अवघड जाते. आयोवातील एका मोठ्या पाहणीत १९९७ साली हे प्रमाण ७.४ टक्के आढळले. ही मुले इंग्रजी घरांत जन्मतात तशी माम घरांतही जन्मतात. या मुलीच्या आईला ते केव्हाच कळले होते. पहिला शब्द तिसऱ्या वर्षी. आजीची साधी सूचनाही दोनदा सांगावी लागे. बेडकाचे चित्रपुस्तक तिच्यापुढे ठेवले, तीच बाई शेजारी बसविली. मुलीने प्रत्येक पानावर बोट ठेवून माममध्ये एक एक नाम सांगितले. कुत्रा. झाड. मुलगा. कुत्रा. गोष्ट कुठेच झाली नाही. बाईने या वेळी ओढणी तोंडाला लावली नाही.

ही तपासणी २०२५ च्या फेब्रुवारीत झाली. त्याच वर्षी जानेवारीत सरकारने शाळा, इस्पितळे आणि प्रार्थनास्थळे यांच्या आवारात स्थलांतरितांना पकडण्यावर असलेली जुनी बंधने उठविली होती, आणि आमच्या भागातील अनेक आया शाळेच्या फाटकापर्यंतच येऊ लागल्या होत्या. मुलीची आई बैठकीला आली नाही. बैठक दूरध्वनीवर झाली, दुभाषी बाई आमच्या बाजूला, आई स्वयंपाकघरात. मागे भांड्यांचा आवाज येत होता. भाषाविकार हा शब्द माममध्ये कसा सांगावा यावर बाई थांबली. मग तिने काही लांबलचक सांगितले, आणि पलीकडून आई बराच वेळ बोलली. आम्ही विचारले, त्या काय म्हणाल्या? बाईने सांगितले, ती म्हणते, मला हे मुलगी दोन वर्षांची होती तेव्हापासून माहीत आहे, पण विचारणारे पहिल्यांदाच कुणी आले.

मुलगी आता मंगळवारी व गुरुवारी आमच्याकडे येते. इंग्रजीत तीन शब्दांचे वाक्य तिला जमू लागले आहे. माममधील सराव आजी घेते. आम्ही चित्रे पाठवितो, काय विचारावे हे बाई तिला समजावून सांगते. तीन वर्षांनी फेरतपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे ती २०२८ मध्ये होईल. तेव्हा आम्ही त्या शाळेत असू की नाही, बाई तेथे असेल की नाही, याची शाश्वती नाही. म्हणून योजनेच्या पहिल्याच पानावर, घरच्या भाषेच्या चौकटीत, पूर्वीचा ‘स्पॅनिश’ हा शब्द खोडून ‘माम’ असे लिहून घेतले आहे, आणि त्याखाली त्या खोऱ्याचे नावही.